पाण्यावरून उचललेली होडी



ह्या व्यासपीठावरून दरवर्षी साहित्यिक बोलतात, प्राध्यापक बोलतात, कधी एखादे कीर्तनकार बोलतात. यंदा चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा उघड होती. युनियनचा माणूस आहे, नव्या श्रमसंहितांवर तासभर बोलेल आणि घरी जाईल. मी विषय कळवला, तो समुद्रावरच्या शर्यतीच्या शिडाच्या होड्यांचा आणि त्यांना अलीकडे फुटलेल्या पाण्यातल्या पंखांचा. दुसऱ्या दिवशी चिटणीसांचा फोन. "दादा, पत्रिकेत काही चूक तर होत नाही ना?" चूक होत नाही. श्रमसंहितांवर मी गेटवर रोजच बोलतो, आणि आज मी जे सांगणार आहे तेही माझ्या समजुतीप्रमाणे श्रमाच्याच प्रांतातले आहे.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरले कसे, ते आधी सांगतो. २०२५ च्या जानेवारीत अंबरनाथच्या एका कारखान्याच्या गेटबाहेर आम्ही काही जण रात्रभर बसलो होतो. मालकांचे उत्तर सकाळी यायचे होते. थंडी होती, चहाची टपरी बंद झाली होती, आणि वेळ जात नव्हता. सीएनसी मशीनवर काम करणारा एक तरुण मोबाइलवर चित्रफीत पाहत होता. त्याने ती माझ्यापुढे धरली. एक काळी, लांबोडकी होडी, शीड वाऱ्याने तट्ट फुगलेले, आणि होडीचे पोट पाण्याला लागलेलेच नाही! कडेने एक वाकडा पाता बाहेर आलेला, त्याचे टोक तेवढे पाण्यात, बाकी सारी होडी हवेत. तो म्हणाला, "दादा, वारा तर आडवा ढकलतो. मग ही वर कशी उठते?"

मला उत्तर देता आले नाही. माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि रात्रपाळीत. पण मशीनवरच्या माणसाने मशीनविषयी विचारलेला प्रश्न अनुत्तरित ठेवायचा नाही, एवढा एक नियम मी पाळत आलो आहे. तेव्हा वाचायला लागलो.

आपण म्हणाल, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ह्या गावांचा आणि समुद्राचा संबंध काय? आम्हांला पाणी म्हटले की टँकर आठवतो, नाहीतर वालधुनीचा वास. पण बदलापूरवरून जाणारी उल्हास नदी पुढे कल्याणला खाडी होते आणि वसईपाशी समुद्राला मिळते. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि आरमाराची पहिली उभारणी ह्याच खाडीच्या काठी केली. उल्हासनगरमधल्या कितीतरी घरांतले वडीलधारे फाळणीनंतर कराचीहून आगबोटीने मुंबईला उतरले आणि तिथून कल्याणच्या लष्करी छावणीत आले. म्हणजे इथले निम्मे गाव समुद्रावरूनच आलेले आहे. ते असो. ह्याहून जवळचा संबंध पुढे येईल.

सुरुवात मुंबईपासून केली पाहिजे. कुलाब्याच्या एका कारखान्यात १९६३-६४ साली एक लहान शिडाची होडी बांधली गेली. लांबी साडेबत्तीस फूट. नकाशा जुन्या धाटणीचा, नॉर्वेच्या वादळी किनाऱ्यावरच्या बचाव-होड्यांवरून घेतलेला. लाकूड सागवान. बांधून घेणारा रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरचा तरुण इंग्रज अधिकारी, आणि बांधणारे आपले इथले सुतार. वाकसाने तासायचे, दोरीने फिरवायच्या गिरमिटाने भोके पाडायची, अशी ती बांधणी. माझे एक मामा गोदीत सुतार होते. त्यांचा त्या होडीशी संबंध नव्हता, पण वाकस कसा चालतो ते मी त्यांच्याजवळ बसून पाहिले आहे. पायाच्या अंगठ्याने फळी दाबून धरायची आणि अंगठ्यापासून बोटभर अंतरावर ते पाते पडत राहायचे. मामांचे दहाही अंगठे शाबूत राहिले, असे ते विनोदाने म्हणत.

ह्या होडीचे नाव ‘सुहैली’. आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला ह्या नावाने ओळखतात. १९६८ साली लंडनच्या एका वर्तमानपत्राने एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर केली. नऊजण निघाले. पुरी केली ती एकट्या नॉक्स-जॉन्स्टनने, मुंबईच्या सुतारांनी बांधलेल्या ‘सुहैली’तून. १४ जून १९६८ ला तो इंग्लंडच्या फालमथ बंदरातून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ ला तिथेच परतला. तीनशे बारा दिवस. माणसाने एकट्याने न थांबता पृथ्वीला शिडावर घातलेला हा पहिला वेढा. खलाशाचे नाव सगळ्या जगाला ठाऊक आहे. सुतारांची नावे किती जणांना ठाऊक आहेत, हे मी विचारत नाही.

प्रवासात काय झाले ते ऐका. निघाल्यानंतर थोड्याच आठवड्यांत, आफ्रिकेच्या पश्चिमेला असताना, होडीच्या तळाशी फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागले. माणूस एकटा, किनारा दूर. त्याने पाण्यात उडी घेतली, होडीच्या पोटाखाली श्वास धरून सांध्यात कापूस ठोकला, त्यावर कापडाची आणि तांब्याची पट्टी मारली, आणि पुढे निघाला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या बाजूला होडी आपोआप वाऱ्याला धरून ठेवणारे यंत्र मोडून गेले, तेव्हा शिडांचा तोल असा लावला की होडी आपली आपण वाट धरील. म्हणजे जे बिघडले ते एका माणसाच्या हातोडी-खिळ्याने दुरुस्त होण्यासारखे होते, किंवा त्याच्यावाचून चालण्यासारखे होते. ही गोष्ट लक्षात ठेवा. मला पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

‘सुहैली’चा सरासरी वेग होता ताशी चार सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १.८५ किलोमीटर. तेव्हा हा वेग घाईने चालणाऱ्या माणसाचा, कल्याण स्टेशनात गाडी चुकत असताना आपण चालतो तेवढा. वारा वाढला तर तिचा वेग का वाढत नसे? कारण प्रत्येक होडी पाणी फाडताना स्वतःची एक लाट उभी करते, आणि ठरावीक वेगानंतर ती त्या लाटेच्या खळग्यात अडकते. पुढे जायचे तर स्वतःच उभ्या केलेल्या टेकाडावर चढावे लागते. हा वेग होडीच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो. ‘सुहैली’ची पाण्यातली लांबी अठ्ठावीस फूट, म्हणून तिची मर्यादा ताशी सात सागरी मैलांच्या आसपास. शीड दुप्पट लावा, डोलकाठी मोडेल, पण वेग फारसा वाढणार नाही.

ह्यातून वाट एकच. होडीने पाण्यातून बाहेर यायचे.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. पावसाळ्यानंतर नदी शांत झाली की बदलापूरला काठावर उभे राहा आणि वाहत्या पाण्यात पंजा आडवा धरा. बोटे सरळ, पंजा प्रवाहाला समांतर, तर पाणी वरून-खालून निघून जाते. पुढची कड जरा वर करा. पंजा उचलला जातो. तुम्ही पाण्याला खाली ढकलता, पाणी तुम्हांला वर ढकलते. विमानाचा पंख हवेत हेच करतो. पण पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट दाट, म्हणून विमानाला जिथे घरभर लांब पंख लागतात तिथे पाण्यात हातभर रुंदीचा पाता पुरतो. ह्या पात्याला फॉइल म्हणतात. आणि वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते, तिप्पट झाला की नऊपट. हळू जाणाऱ्या होडीला पाता म्हणजे नुसते ओझे. वेगाने जाणाऱ्या होडीला तोच पाता खांद्यावर घेतो.

वारा आडवा ढकलतो हे त्या पोराचे म्हणणे खरेच होते. वाऱ्याने होडी पुढे जाते तशीच एका कुशीवर कलतेही. मालवणकडच्या लोकांनी उलांडी पाहिली असेल. होडीच्या एका बाजूला दोन दांड्यांवर एक लाकूड तरंगत ठेवतात, म्हणजे होडी उलटत नाही. शर्यतीच्या होडीचा फॉइल ही एका अर्थी उलांडीच. ज्या कुशीवर होडी कलते त्याच बाजूचा पाता पाण्यात जातो आणि त्या कुशीला वर रेटतो. फरक एवढाच की उलांडी होडी उभी असतानाही काम करते, आणि पाता फक्त धावताना. होडी सरळ झाली की शीड वारा अधिक घेते, वेग वाढतो, वेग वाढला की उचल वाढते, उचल वाढली की पोट पाण्याबाहेर येते. असे हे चक्र आहे. वाऱ्याने आडवे ढकललेले बळ पात्याच्या वाकामुळे वर वळते. गेटवर मला हे सांगता आले असते तर किती बरे झाले असते.

ही कल्पना नवी नाही. १९०६ साली इटलीच्या फोर्लानिनी ह्यांनी एका तळ्यावर पंखांची यंत्र-होडी चालवली. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेल ह्यांच्या होडीने १९१९ साली कॅनडात ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला. पण ती इंजिनाची कामे. शिडावर, आणि तेही खुल्या महासागरात, हे साधायला फार वर्षे गेली. फ्रान्सचे एरिक तबार्ली ह्यांनी १९८० साली पंख लावलेल्या तीन-पोटी होडीतून अटलांटिक ओलांडला आणि १९०५ पासून टिकलेला शिडांचा विक्रम मोडला. पुढे २००९ मध्ये ‘इद्रोप्तेर’ नावाच्या होडीने अर्धा किलोमीटरचे अंतर ताशी ५१ सागरी मैलांहून अधिक वेगाने कापले. म्हणजे ताशी ९५ किलोमीटर, शिडावर!

मात्र किनाऱ्याजवळ अर्धा किलोमीटर पळणे वेगळे आणि पृथ्वीला वेढा घालणे वेगळे. फ्रान्समध्ये १९८९ पासून चार वर्षांनी एकदा ‘व्हांदे ग्लोब’ नावाची शर्यत होते. होडी साठ फुटी, माणूस एक, कुठे थांबायचे नाही, कुणाची मदत घ्यायची नाही. मिशीसारखे वळलेले पाते तिथे प्रथम २०१६ च्या शर्यतीत उतरले. साल्वादोर दाली ह्या चित्रकाराच्या मिशांवरून त्यांना ‘दाली फॉइल’ असे नावही पडले. त्या वेळी विजेत्याला चौऱ्याहत्तर दिवस लागले. २०२५ च्या जानेवारीत, आम्ही गेटबाहेर बसलो होतो त्याच महिन्यात, शार्ली दालँ ह्यांनी तीच प्रदक्षिणा चौसष्ट दिवस एकोणीस तासांत पुरी केली. सरासरी वेग सुमारे ताशी पावणेअठरा सागरी मैल. ‘सुहैली’चे तीनशे बारा दिवस आणि हे चौसष्ट, मध्ये छप्पन्न वर्षे.

इथवर ऐकून आपण म्हणाल, यंत्राने माणसाची केवढी सोय केली! मलाही तसे वाटले होते. पण माझा जन्म कारखान्यांत गेला आहे. कुठे वेग चौपट झाला असे ऐकले की मी आधी विचारतो, भार कुठे गेला?

भार नाहीसा होत नाही. आठ टनांच्या आसपासची होडी आधी सबंध पोटावर, पाण्याच्या शंभर हातांवर टेकलेली होती. आता तिचा मोठा हिस्सा एका पात्यावर आला. आपल्यातले फिटर-टर्नर हे लगेच ओळखतील. भिंतीत ठोकलेल्या खुंटीच्या टोकाला वजन टांगले की खुंटी टोकाशी मोडत नाही, भिंतीपाशी मोडते. पाता होडीच्या कुशीतून जिथे बाहेर येतो तिथे सगळा ताण जमा होतो. आणि तो ताण शांत नसतो. लाट येते, पाता मध्येच हवेत येतो, किंवा वरून हवा त्याच्या अंगाला लागून खाली ओढली जाते, आणि क्षणात उचल संपते. आठ टन वरून खाली आदळतात. पुन्हा उठतात, पुन्हा आदळतात. विमानाला शेपटीचा पंख असतो, त्याने तोल राहतो. ह्या शर्यतीच्या नियमांप्रमाणे सुकाणूच्या टोकाला तसा उचलणारा पंख लावायला बंदी आहे. म्हणून ह्या होड्या खऱ्या अर्थाने उडत नाहीत, उड्या मारतात. शेपूट नसलेला पक्षी.

आणि आत माणूस आहे. नव्या होड्यांत तो बाहेर सुकाणूवर उभा नसतो. चहूकडून बंद केलेल्या खोलीत बसलेला असतो, पडद्यावर आकडे आणि कॅमेऱ्यांतली चित्रे पाहत. सुकाणू यंत्र धरते. माणूस यंत्राची दोरी सैल-घट्ट करतो, अर्धा-अर्धा तास झोपतो, खोलीत फिरताना गुडघ्यांवर रांगतो, डोक्याला मार लागू नये म्हणून शिरस्त्राण घालतो, आणि पात्याच्या किंचाळण्याने कान जाऊ नयेत म्हणून कान झाकून घेतो. हे वर्णन मी प्रथम वाचले तेव्हा मला समुद्र आठवला नाही. मला आमच्या प्रेस-शॉपमधला ऑपरेटर आठवला. फरक मोठा आहे, हे मला कळते. तो खलाशी आपल्या हौसेने जातो आणि शर्यत संपली की बाहेर येतो. प्रेसवाल्याची शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा सुरू होते.

मोडतोडीची यादी मोठी आहे, सगळी सांगत नाही. २०१६ मध्ये ॲलेक्स थॉमसन पुढे होता. दक्षिण अटलांटिकमध्ये पाण्यातल्या कशाला तरी धडकून एका बाजूचा पाता तुटला. तशाच होडीने तो सारी पृथ्वी फिरला आणि सोळा तासांनी दुसरा आला. ‘सुहैली’च्या सांध्यात कापूस ठोकता आला. तुटलेला पाता समुद्रात कोण ठोकणार? २०२१ च्या जानेवारीत बोरिस हेरमान शेवटापासून नव्वद सागरी मैलांवर असताना रात्री एका मासेमारी जहाजावर आदळला. त्याचा पाता गेला, आणि तो पाचवा आला. वर्तमानपत्रांनी त्याच्याविषयी हळहळ व्यक्त केली. मला मात्र त्या जहाजावरचे लोक दिसत होते. ते तिथे विक्रमासाठी आलेले नव्हते, पोटासाठी आलेले होते. समुद्र हे कुणाचे तरी कामाचे ठिकाण आहे, आणि कामाच्या ठिकाणातून अंधारात झोपलेल्या माणसाने वेगाने जाणे, हे मला पटत नाही. रडार, धोक्याची घंटा, सगळे असते म्हणतात. घंटा आमच्या प्रेसलाही असते.

त्याच शर्यतीतली दुसरी एक गोष्ट मात्र मला फार आवडते, आणि ती मी गेटवर तीनदा सांगितली आहे. ३० नोव्हेंबर २०२० ला केव्हाँ एस्कोफिए ह्याची होडी दक्षिण आफ्रिकेच्या खाली लाटेत शिरून अक्षरशः दोन तुकडे झाली. तो रबरी तराफ्यावर उतरला. सगळ्यांत जवळ होता झाँ ल काम, एकसष्ट वर्षांचा, होडी जुनी, पाते नाहीत. शर्यत सोडून तो शोधायला वळला. तराफा दिसला, मग हरवला, रात्र झाली. आणखी तिघांना शोधासाठी वळवले. शेवटी म्हाताऱ्यानेच अंधारात एक मिणमिणता दिवा पाहिला आणि त्याला ओढून घेतले. शोधात गेलेला वेळ नियमाप्रमाणे शोधणाऱ्यांना परत मिळतो. म्हणून ८० दिवसांनी रेषा सर्वांत आधी ओलांडली दालँ ह्यांनी, पण विजेता ठरला यानिक बेस्तावँ, शोधाला गेलेल्यांपैकी एक. आणि ल काम, विनापात्याच्या जुन्या होडीतून, चौथा. विनापात्याचाच डामियँ सेगँ सातवा आला. ह्या गृहस्थाला जन्मापासून डावा पंजा नाही. त्या खेपेला हवामान असे राहिले की उडणाऱ्या होड्यांना उडायला सपाट पाणी फारसे मिळाले नाही, हेही खरे. चार वर्षांनी मात्र पात्यांनी जुन्या होड्यांना फार मागे टाकले. मी जुन्याची बाजू घेऊन खोटे सांगणार नाही.

आता आपल्या गावाचा संबंध. हे पाते बनतात कार्बनच्या धाग्याचे. धाग्याची जाळी साच्यात थरावर थर मांडायची, प्रत्येक थराची दिशा ठरलेली, मध्ये राळेसारखे रसायन, मग हवा ओढून घ्यायची आणि दाबाखाली भट्टीत शिजवायचे. लोखंडाहून कितीतरी हलके, आणि धाग्याच्या दिशेने तितकेच बळकट किंवा अधिक. हा धागा पहिल्यांदा येतो कुठून? एडिसनने दिव्यासाठी सुती धागा आणि बांबू जाळून कार्बनची तार केली होती. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत कार्बनचा कामाजोगा धागा प्रथम मोठ्या प्रमाणावर केला तो रेयॉन जाळून. रेयॉन! शहाडला सेंच्युरी रेयॉनच्या फाटकातून पाळी सुटताना बाहेर पडणाऱ्यांपैकी कितीजण इथे बसले असतील. लाकडाच्या लगद्याचा तो चकचकीत धागा हवा न लागू देता भट्टीत काळा केला की कार्बन होतो. पुढे जपानात अकिओ शिंदो ह्यांनी ॲक्रिलिकच्या जातीच्या धाग्यापासून अधिक चांगला कार्बन काढला, आणि आज होडीचे पाते त्याचेच होतात, रेयॉनचे नव्हेत. पण वंशावळीत रेयॉन हा थोरला भाऊ आहे.

मी हे काम करणारी माणसे जवळून पाहिली आहेत. पाते नव्हेत, साधी काच-धाग्याची झाकणे आणि टाक्या. आपल्याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात, नाव घेत नाही, वीस-बावीस माणसे हेच काम करत. घासताना उडणारी भुकटी कातडीत रुतायची. रसायनातल्या घट्ट करणाऱ्या द्रव्याने हातांना फोड यायचे, आणि एकदा अंगाला त्याचे वावडे झाले की पुढे थेंब लागला तरी फोड. कारखान्याच्या डॉक्टरांनी खरूज म्हणून मलम दिले. आम्ही पुस्तक काढून दाखवले, तारखा पडल्या, हातमोजे आणि हवा खेचणारा पंखा मिळायला दोन वर्षे गेली. तोवर चौघांनी ते काम सोडले होते. एकाला मी अजून भेटतो, तो भाजी विकतो. भिजलेली मेथी हाताळतानाही त्याचे हात लाल होतात.

म्हणून कुठेही असा गुळगुळीत काळा पाता पाहिला की तो मांडणारे हात कुणाचे, हे माझ्या मनात येते. आणि हे हातांचेच काम आहे. थरात एक सुरकुती राहिली, एक बुडबुडा राहिला, तर वरून काही दिसत नाही. समुद्रात तिसाव्या दिवशी दिसते.

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर ह्यांच्या कारखान्यात आपल्या नौदलाची ‘म्हादेई’ बांधली गेली, २००९ साली. छप्पन्न फुटांची ही होडी घेऊन कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० ला परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याच होडीतून २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले. पुढे तिथेच ‘तारिणी’ बांधली, तिच्यातून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा स्त्रियांनी प्रदक्षिणा केली. ह्या होड्यांना पाते नाहीत. त्या शर्यतीच्या पात्याच्या होड्या नव्हेतच, जाऊन सुखरूप परत यायच्या होड्या आहेत. २०१८ मध्ये जुन्या पद्धतीच्या होड्यांची पृथ्वीशर्यत पुन्हा भरली, तेव्हा टॉमी ह्यांच्यासाठी दिवाडीलाच ‘सुहैली’च्या धर्तीची ‘थुरिया’ बांधली. हिंदी महासागराच्या दक्षिणेत वादळात तिची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. तीन दिवसांनी त्यांना उचलले ते एका फ्रेंच मासेमारी-गस्तीच्या जहाजाने. कण्याची दुखापत घेऊन हा माणूस २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरा आला, दोनशे छत्तीस दिवसांनी. तेव्हा पाता नसला म्हणजे समुद्र दया करतो असे नाही, हे मला मान्य केले पाहिजे. माझ्या युक्तिवादाला ते अडचणीचे आहे, पण आहे.

मग आपल्याकडे पात्याच्या होड्या व्हाव्यात की नाही? मला वाटते, व्हाव्यात. ज्या किनाऱ्यावर वाकसाने ‘सुहैली’ तासली गेली, त्या किनाऱ्यावर हे शिकायला माणसे मिळतील, आणि ह्या आपल्या पट्ट्यात साचा करणारे, धागा ओळखणारे, मशीनवर केसाच्या जाडीचे माप धरणारे हात आहेत. फक्त पाता आणताना त्याच्याबरोबर हवा खेचणारा पंखाही आला पाहिजे, दोन वर्षांनी नव्हे, पहिल्या दिवशी. आणि होडी ज्या पाण्यातून जाणार तिथल्या कोळ्यांना विचारले पाहिजे.

त्या तरुणाचे सांगायचे राहिले. मालकांचे उत्तर त्या सकाळी आले नाही, आठवड्याने आले, अर्धे मान्य. पण मुलगा पात्याला सोडायला तयार नव्हता. त्याने सुट्टीच्या दिवशी अडीच फुटांची लाकडी होडी केली, भंगारातली ॲल्युमिनियमची पट्टी कानशीने घासून पंखाचा आकार दिला, आणि गणपतीनंतर नदीचे पाणी उतरल्यावर आम्ही पाचसहाजण ती घेऊन बदलापूरला गेलो. दोरीने बांधून प्रवाहात सोडली. दोनदा लोळली. तिसऱ्यांदा त्याने पट्टीची पुढची कड थोडी वर वाकवली, आणि धारेत नेताच तिचे नाक उठले, मग पोट उठले, चार बोटे. पाण्यावरून उचललेली होडी माझ्या डोळ्यांनी मी तेवढीच पाहिली आहे. दहापर्यंत आकडे मोजून होतात न होतात तोच पट्टी वाकली आणि होडी आडवी झाली. बाहेर काढून पाहिले, तर पट्टी मुळाशीच वाकली होती, लाकडात शिरते तिथे. तो म्हणाला, "दादा, मुळाशी जाड ठेवायला हवी होती." आता त्याने दुसरी घासायला घेतली आहे.